बिनचॉकलेटचं अ‍ॅडव्हेंट कॅलेंडर आठवड्याभरात का बसतं: लक्षणं, तपासण्या आणि स्वस्तातले उपाय

जर्मनीतल्या ओळखीच्या मराठी घरांतून नोव्हेंबर संपता संपता एकाच आशयाचे फोन येतात: यंदा चॉकलेटचं कॅलेंडर आणायचं नाही, घरीच चोवीस पिशव्या भरायच्या. त्याच घरांतून डिसेंबरच्या आठ-नऊ तारखेला दुसरा फोन येतो, बहुधा रात्री दहानंतर. उद्याच्या पिशवीत घालायला काही उरलेलं नसतं. घरची, शेजारची आणि किटातल्या (इथलं पाळणाघर-बालवाडी) पालकांची अशी बसलेली कॅलेंडरं सावरण्यात माझे बरेच डिसेंबर गेले आहेत. बिघाड दरवेळी साधारण त्याच चार-पाच ठिकाणी असतो.

ज्यांच्या घरी हा प्रकार अजून आलेला नाही त्यांच्यासाठी: १ ते २४ डिसेंबर रोज एक दार किंवा पिशवी उघडायची आणि २४च्या संध्याकाळी भेटवस्तू. दुकानातल्या कॅलेंडरात दारामागे चॉकलेट असतं. ते काढलं की त्या जागी काय ठेवायचं, आणि तेही खिशाला न झोंबता, एवढाच प्रश्न.

आधी लक्षणं

- पाच-सहा तारखेपासून मूल पिशवी उघडतं, "एवढंच?" म्हणतं आणि वस्तू नाश्त्याच्या टेबलावर टाकून निघून जातं.
- खर्च चॉकलेटच्या कॅलेंडरच्या कितीतरी पट झालेला असतो आणि अजून दहा पिशव्या रिकाम्याच असतात.
- सकाळी किटाला उशीर होतो, कारण पिशवीतलं काम आत्ताच करायचं असतं.
- भावंडांची रोज तुलना: "तिला मोठं, मला छोटं."
- वीस तारखेपर्यंत खोबणीत, सोफ्याखाली, बाथरूममध्ये रंगीत प्लॅस्टिकचा कचरा.
- दोरी सुटते, पिशव्या पडतात, चौदाची पिशवी नऊलाच फुटते.

पहिलं लक्षण दिसलं की बहुतेक जण दुकानात धावतात आणि आणखी वस्तू आणतात. तेवढं करू नका. वस्तू कमी पडल्या म्हणून कॅलेंडर सहसा बसत नाही. चोवीस सुट्या वस्तू भरल्या, एकीचा दुसरीशी काही संबंध नाही, म्हणून बसतं. आजची पिशवी उघडल्यावर उद्याच्या पिशवीबद्दल काही कुतूहल उरलं नाही तर चॉकलेट निदान तोंडात तरी जातं. खोडरबराचं काय करायचं?

खालच्या तपासण्या फुकटाकडून खर्चाकडे आणि सोप्याकडून अवघडाकडे लावल्या आहेत. क्रम मोडू नका. पहिल्या तीनमध्ये काम झालं तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

तपासणी १: वार आणि वेळ

खर्च शून्य. एका कागदावर १ ते २४ आकडे लिहा आणि प्रत्येकासमोर वार लिहा. २०२६मध्ये १ डिसेंबर मंगळवारी येतो, म्हणजे शनिवार-रविवार ५-६, १२-१३ आणि १९-२० ला. आता तुमच्या यादीतली वेळखाऊ कामं कुठे पडली आहेत ते बघा. बिस्किटं भाजायची चिठ्ठी मंगळवारच्या पिशवीत असेल तर बिघाड तिथेच सापडला.

शाळेच्या दिवशी सकाळी सात वाजता बाहेर अंधार असतो, एक हातमोजा सापडत नसतो आणि डबा भरायचा असतो. त्या वेळी पिशवीला पाच मिनिटं मिळतात. म्हणून सोमवार ते शुक्रवार अशा गोष्टी ठेवा ज्या पाच मिनिटांत संपतात, खिशात घालून नेता येतात किंवा संध्याकाळीच सुरू होतात. कात्री, डिंक, पीठ, रंग हे सगळं शनिवार-रविवारी. जी गोष्ट शनिवारी आनंदाची असते तीच बुधवारी सकाळी रडारडीची होते.

काही तारखा आधीच ठरलेल्या आहेत, त्यांच्याशी स्पर्धा करू नका. ५च्या रात्री मुलं दाराबाहेर बूट ठेवतात आणि ६ला सकाळी संत निकोलाउस त्यात संत्री, अक्रोड, चॉकलेट घालून गेलेला असतो. त्या दिवशीची पिशवी अगदी साधी ठेवा, कोणाच्या लक्षातही येणार नाही. २४ला संध्याकाळी खऱ्या भेटी असतात, तेव्हा शेवटची पिशवी महागाची करण्यात अर्थ नाही. रविवारी दुकानं बंद असतात हेही विसरू नका; रविवारच्या पिशवीतल्या कामाला लोणी लागत असेल तर ते शनिवारीच घरात हवं.

४ डिसेंबर मात्र फुकट मिळालेला दिवस आहे. तो संत बार्बराचा दिवस. त्या दिवशी चेरीची किंवा फोर्सिथिया या फुलझाडाची फांदी कापून घरात पाण्यात ठेवायची, ती नाताळच्या सुमाराला फुलते, अशी जुनी रीत आहे. पिशवीत एक दोरा आणि चिठ्ठी: "आज आपण फांदी आणायला जायचं." फांदी रात्रभर कोमट पाण्यात बुडवून ठेवा, मग फुलदाणीत उभी करा, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला, हीटरपासून लांब ठेवा. पाणी बदलणं हे मुलाचं काम. सार्वजनिक बागेतली किंवा शेजाऱ्याची फांदी न विचारता कापायची नाही. फुलवाल्याकडे या आठवड्यात अशा फांद्या विकायला असतात.

तपासणी २: चिठ्ठ्या वाचून बघा

पैसे वाचवायचे म्हणून सगळेच चिठ्ठ्या घालतात आणि तिथेच घोळ होतो. तुमच्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचा. "आज खोली आवर." "आज ताईशी भांडायचं नाही." "आज सगळी भाजी संपव." या चिठ्ठ्या नाहीत, या सूचना आहेत, आणि त्या मुलाला पिशवीविनाही रोज मिळतात. अशा दोन चिठ्ठ्या निघाल्या की मूल तिसऱ्या पिशवीकडे संशयाने बघतं. त्या काढून टाका.

दुसरा दोष म्हणजे उधारीच्या चिठ्ठ्या. "जानेवारीत प्राणिसंग्रहालयात जाऊ." पाच वर्षांच्या मुलाला जानेवारी म्हणजे काय ते कळत नाही, त्याला एवढंच कळतं की आज पिशवीत काही नव्हतं. चिठ्ठीतलं त्याच दिवशी झालं पाहिजे.

तिसरं, नुसता कागद नको. चिठ्ठीसोबत हाताला काहीतरी लागलं पाहिजे, मग ते कितीही फुटकळ असो. हे चालतात:

- "आज अंधारात आंघोळ." सोबत एक चमकणारी कांडी. पाकिटात पुष्कळ येतात, एक-एक करून वापरा.
- "आज जेवण तंबूत." सोबत कपड्यांचे चार चिमटे. चादर तुमची.
- "आज बाटल्या परत करायच्या, पैसे तुझे." सोबत एक रिकामी बाटली, पिशवीबाहेर बांधलेली. एकदाच वापरायच्या बाटलीवर २५ सेंट प्फांड (बाटली परत केल्यावर मिळणारी अनामत) असतं, म्हणजे चार बाटल्यांत युरो, आणि मशिनीत बाटल्या ढकलायचा आनंद वेगळाच.
- "घरी येताना लांबच्या रस्त्याने. दिव्यांच्या किती खिडक्या दिसतात?" सोबत बोटाएवढी पेन्सिल.
- "आज आजीला विचार: ती लहानपणी काय खेळायची?" सोबत आजीचा एक जुना फोटो किंवा त्याची प्रिंट. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो. संध्याकाळी पाचला फोन लावला तर पुण्यात साडेनऊ वाजलेले असतात आणि आजीचे डोळे मिटत असतात. शनिवारी सकाळी दहाला लावा, तिकडे अडीच झालेले असतात, जेवण आटोपलेलं असतं. आजी काचापाणी नाहीतर सागरगोटे म्हणाली तर पुढच्या आठवड्यातली एक पिशवी आपोआप ठरली: पाच गुळगुळीत खडे, नदीकाठचे, फुकट.

वाचता न येणाऱ्या मुलासाठी चित्र काढा. चित्र वाईट आलं तरी चालतं, ओळखण्यातच निम्मी मजा.

एक चिठ्ठी मी दरवर्षी १ तारखेला घालायला सांगते: कोरा कागद, पाकीट आणि टपालाचं तिकीट. ब्रांडेनबुर्गमधल्या हिमेलप्फोर्ट गावी टपाल खात्याचं नाताळचं कार्यालय आहे, १९८४पासून तिथून मुलांच्या पत्रांना उत्तरं जातात. वर 'वाइनाख्ट्समान' (नाताळबाबा) आणि गावाचा पिनकोड १६७९८. जर्मनीतल्या साध्या पत्राचं तिकीट २०२५पासून ९५ सेंट आहे. मागे स्वतःचा पत्ता नीट लिहा, नाहीतर उत्तर येणार कुठे? पत्र पहिल्या आठवड्यातच टाका. उत्तर कधी येईल ते आपल्या हातात नाही, पण ते आलं की एखादी रिकामी पिशवी तेवढ्यानेच भरते.

तपासणी ३: आजची पिशवी उद्याच्या पिशवीला जोडली आहे का

खरी दुरुस्ती इथे आहे. एक गोष्ट घ्या आणि तिचे भाग करा. चोवीसच्या चोवीस पिशव्या तिनेच भरायला हव्यात असं नाही. सात-आठ पिशव्यांमधून एक धागा गेला तरी पुरे.

सगळ्यात स्वस्त धागा म्हणजे पिशवीच. इथल्या किराणा दुकानात सँडविच ठेवायच्या पांढऱ्या किंवा तपकिरी कागदी पिशव्यांचं मोठं पाकीट एक-दोन युरोला मिळतं. कापडी बटवे शिवत बसण्याऐवजी या वापरा आणि उघडलेली पिशवी फेकू नका. आठ पिशव्या जमल्या की एक तारा होतो: पिशवी सपाट ठेवायची, तळाच्या कडेला आडवी आणि तिथून मधोमध वर उभी अशी डिंकाची रेघ ओढायची, त्यावर दुसरी पिशवी तंतोतंत बसवायची, मग तिसरी. आठही झाल्या की तोंडाकडची बाजू कात्रीने टोकदार कापायची, डिंक पूर्ण वाळू द्यायचा आणि पहिली व शेवटची पिशवी धरून पंख्यासारखं उघडत नेऊन एकमेकींना चिकटवायचं. खिडकीत टांगण्याजोगा, दोन्ही हातांनी धरावा एवढा तारा तयार. ८ला पहिला, १६ला दुसरा, २४ला तिसरा.

यासाठी दोन गोष्टी आधी कराव्या लागतात. पिशव्या चिकटपट्टीने बंद करायच्या नाहीत, चिमट्याने करायच्या, नाहीतर उघडताना फाटतात. आणि आकडा पिशवीवर लिहायचा नाही, चिमट्यावर लिहायचा. सगळ्या पिशव्या एकाच मापाच्या हव्यात आणि तळ सपाट घडीचा हवा, हेही बघून घ्या. आठ तारखेच्या मरगळीला माझ्याकडचा सगळ्यात खात्रीचा उपाय हाच, कारण ज्या दिवशी कंटाळा येतो बरोबर त्याच दिवशी हातात काहीतरी मोठं तयार होतं.

दुसरा धागा, जिगसॉ. जुन्या बाजारातून ४८ तुकड्यांचं घ्या, रोज दोन तुकडे. पण आधी ते स्वतः पूर्ण जोडून बघा. सेकंडहँड जिगसॉमध्ये तुकडा हरवलेला असणं ही नेहमीची गोष्ट, आणि ते २४ तारखेला कळलं तर काय होईल ते सांगायला नको. कडेचे तुकडे आधी द्या, चेहरा किंवा मुख्य चित्र शेवटी.

तिसरा, घरातलीच खेळणी. लाकडी प्राणी, ठोकळे, जुना लेगोचा संच नोव्हेंबरच्या सुरुवातीला गुपचूप उचलून ठेवा. महिनाभर न दिसलेलं खेळणं नवंच असतं. लेगोच्या छोट्या संचाचे टप्पे सूचनापत्रिकेप्रमाणे पाडा, म्हणजे रोज थोडी बांधणी पुढे सरकते आणि काय होणार याचा अंदाज बांधता येतो.

चौथा, गोष्ट. तुम्हाला येत असलेली कुठलीही लांबलचक गोष्ट रोज रात्री तिच्या ऐन अडचणीच्या जागी थांबवा आणि पिशवीत फक्त उद्याच्या भागातली एखादी वस्तू ठेवा: बटण, चावी, पीस. आमच्या ओळखीत एका आजोबांनी रोज दोन मिनिटांचा ध्वनिमुद्रित भाग साताऱ्याहून पाठवला होता. त्याला पैसे पडले नाहीत, पण पोरं सकाळी फोन घेऊन पळायची.

पाचवा थोडा हिरवा आहे. १ तारखेला अळिवाच्या जातीतल्या क्रेसचं बी, २ला कापूस. ओल्या कापसावर पेरलं की आठवडाभरात कापून पावावर घालण्याइतकं वाढतं. ९ किंवा १०च्या पिशवीत एक चिठ्ठी: "आज कापणी." बियांचं पाकीट एका युरोच्या आसपास, आणि ते दोन घरांना पुरतं.

तपासणी ४: चॉकलेटची आठवण अजून निघते का

पिशव्या चालू झाल्या, पण मूल म्हणतं, "सगळ्यांकडे चॉकलेट आहे." हा बिघाड चवीचा आहे, वस्तूंचा नाही, म्हणून तो खेळण्याने भरत नाही. आठवड्यातून दोन पिशव्या खाण्याच्या करा.

इथे मराठी स्वयंपाकघराचं पारडं जड आहे. इथल्या नाताळच्या बिस्किटांत आणि लेबकुखन या मसालेदार केकमध्ये जे मसाले पडतात ते आपल्या डब्यात आधीच असतात: दालचिनी, लवंग, वेलची, जायफळ, बडीशेप. सुपरमार्केटमधल्या चिमुकल्या बरणीपेक्षा भारतीय दुकानातलं लवंगांचं पाकीट कितीतरी स्वस्त पडतं. एका पिशवीत मूठभर लवंगा आणि एक संत्रं. टूथपिकने आधी भोकं पाडून द्या, मग मूल त्यात लवंगा खोचून नक्षी करतं. बोट दुखत नाही आणि घरभर वास सुटतो. दुसऱ्या दिवशी डोळे बांधून वास ओळखायचा खेळ: पाच मसाले, पाच वाट्या. याला वस्तू म्हणून काहीच लागत नाही.

शंकरपाळी, चिवडा, खजुराचा लाडू, सुक्या जर्दाळूचे तुकडे, बिस्किटं कापायचा साचा, गरम दुधात घालायची वेलचीपूड. दिवाळीचा फराळ हाताशी असेल तर त्यातलंच थोडं घट्ट डब्यात बाजूला काढा. मात्र खाण्याचं आधी भरून ठेवू नका, आदल्या रात्री भरा: कागदी पिशवीत शंकरपाळी सादळते आणि हीटरजवळ लाडवाचं तूप कागदाला लागतं. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, बदाम, काजू देऊ नका, घशात अडकतात.

"चॉकलेट नाही तर ते कॅलेंडर कसलं" असं कोणी म्हणालं तर त्यांना सांगा की सुरुवातीला ते नव्हतंच. एकोणिसाव्या शतकात जर्मन प्रॉटेस्टंट घरांत दारावर खडूच्या चोवीस रेघा मारायचे आणि मुलं रोज एक पुसायची. हाम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न यांनी १८३९मध्ये आपल्या आश्रमातल्या मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या होत्या, रोज एक पेटवायची. म्युनिकच्या गेरहार्ड लांग यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात छापील कॅलेंडरं काढली ती चित्रांची होती. त्यांच्या लहानपणी त्यांची आई पुठ्ठ्यावर चोवीस बिस्किटं लावून द्यायची म्हणे. खडूची रेघ हा अजूनही सगळ्यात स्वस्त ऐवज आहे. ज्या दिवशी पिशवीत काही सुचलं नाही त्या दिवशी खडूच ठेवा आणि बाल्कनीच्या फरशीवर उरलेल्या दिवसांच्या रेघा मारायला सांगा.

तपासणी ५: हिशेब

इथवर येऊनही खर्च आवरत नसेल तर गुणाकार करून बघा. पिशवीमागे एक युरो म्हणजे २४, दोन मुलांचे ४८. "छोटंसंच तर आहे" म्हणत घेतलेल्या वस्तू दीड-दोन युरोच्या असतात, तिथेच गणित फसतं. माझी वाटणी साधारण अशी असते: १२ चिठ्ठ्या, ६ पिशव्या एकाच धाग्याच्या, ३ वापरून संपणाऱ्या वस्तू आणि फक्त ३ खऱ्या, टिकाऊ वस्तू. दहा-बारा युरोंत एक कॅलेंडर होतं.

वापरून संपणारं म्हणजे स्टिकरचा एक ताव कापून तीन पिशव्यांत, साबणाचे फुगे, गरम पाण्यात टाकल्यावर रुमाल उलगडतो ती गोळी. टिकाऊ वस्तू फ्लोमार्क्टमधून (जुना बाजार) किंवा शाळा-किटांमध्ये शरदात भरणाऱ्या जुन्या सामानाच्या बाजारातून घ्या: पत्त्यांचा कॅट, गोट्या, छोटं पुस्तक. संच फोडा. बारा रंगीत पेन्सिलींचा डबा बारा पिशव्यांत घालू नका, ती कंजुषी मुलालाही कळते. तीन-तीनच्या जुड्या करा आणि सोबत त्या रंगाचं काहीतरी काढायला द्या.

"२४ वस्तू, प्रत्येकी अमुक सेंट" अशा घाऊक प्लॅस्टिकच्या पाकिटांच्या मी विरोधात आहे. त्यातली शिट्टी दुसऱ्या दिवशी वाजत नाही आणि पाचव्या लक्षणाचं मूळ तिथेच असतं.

तपासणी ६: भावंडं

दोन मुलांना दोन स्वतंत्र कॅलेंडरं म्हणजे दुप्पट खर्च आणि रोजची तुलना. एकच ठेवा: एकाला विषम तारखा, दुसऱ्याला सम. शनिवार-रविवार नेहमी लागोपाठचे असल्यामुळे प्रत्येक सुटीत दोघांना एक-एक मोठी पिशवी मिळते, त्यासाठी वेगळं जुळवावं लागत नाही. ज्याची पिशवी त्याने उघडायची, पण आतलं दोघांचं. सहा वर्षांहून जास्त अंतर असेल तर हे जमत नाही. मग मोठ्याला भरणाऱ्यांच्या बाजूला घ्या, त्याला ते जास्त आवडतं.

तपासणी ७: टांगणी

हे शेवटी, कारण यात घराची भिंत गुंतते. भरलेल्या चोवीस पिशव्यांचं वजन आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर करा आणि चिकट हुकच्या पाकिटावर लिहिलेल्या वजनाशी ताडून बघा. भाड्याच्या घरांत खडबडीत राउफाझर वॉलपेपर असतो. त्यावर चिकट हुक टिकत नाही, आणि टिकला तर काढताना कागद सोलून निघतो. दाराच्या चौकटीला, पडद्याच्या दांडीला किंवा जिन्याच्या कठड्याला दोरी बांधा. हीटरच्या वर टांगू नका: चिकटपट्टी सुटते, मेणाचे खडू वितळतात. काहीच सोयीचं नसेल तर पिशव्या टोपलीत उभ्या करा. टोपली कधी पडत नाही.

मूल पुढच्या पिशव्या आधीच फोडत असेल तर उंची वाढवू नका, ते खुर्ची आणेल. आतलं आदल्या रात्री भरा आणि पुढच्या पिशव्या रिकाम्या लटकत ठेवा.

आणि आज ९ तारीख असेल तर

मागचं जाऊ द्या. उरलेल्या पंधरा दिवसांसाठी एकच धागा निवडा. कागदी तारा सगळ्यात लवकर सुरू होतो. आज रात्री फक्त तीन पिशव्या भरा. बाकीच्या शनिवारी.

इथे थांबा, आणि जाणकाराला बोलवा

भिंतीला भोक पाडायची वेळ आली की थांबा. विजेच्या तारा सहसा स्विच आणि सॉकेटच्या सरळ वर-खाली किंवा आडव्या जातात, पण जुन्या इमारतींत त्याचा भरवसा नाही. इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरला विचारा, लागलं तर इलेक्ट्रिशियन बोलवा. पंधरवड्याच्या दोरीसाठी ड्रिल हातात घेऊ नका.

पिशव्यांतून या गोष्टी आजच काढा: बटण सेल असलेले दिवे आणि वाजणारी खेळणी, ज्यांचं झाकण स्क्रूने बंद नाही; छोटे ताकदवान चुंबक; पाण्यात फुगणारे मणी. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जे आरपार जातं ते कुठल्याच पिशवीत नको, मोठ्या भावाच्याही नाही.

बटण सेल गिळल्याचा नुसता संशय असला तरी ताबडतोब ११२ला फोन करा. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत गंभीर भाजू शकतो, लक्षणं दिसायची वाट बघायची नाही आणि उलटी काढायची नाही. दोन चुंबक गिळले तर ते आतड्याच्या वेढ्यांतून एकमेकांना खेचतात. मूल हसत-खेळत असलं तरी सरळ रुग्णालयात जा. फुगणारा मणी गिळला तरी तेच. खाल्ल्यानंतर ओठ सुजले, अंगावर पित्त उठलं आणि श्वासाला त्रास होऊ लागला तर तेव्हाही ११२. रंग, डिंक, चमकणाऱ्या कांडीतलं द्रव तोंडात गेलं आणि मूल ठीक दिसत असलं तर विषबाधा केंद्राला विचारा. बर्लिनचा क्रमांक ०३० १९२४०, म्युनिकचा ०८९ १९२४०. फोन करताना वस्तूचं वेष्टन हातात ठेवा आणि दवाखान्यात जावं लागलं तर तेही सोबत न्या.